डुगडुगणारी खुर्ची आणि तिसरी मुदतवाढ

मंगळवार, विश्रामबाग

आज पुन्हा तीच डुगडुगणारी खुर्ची माझ्या वाट्याला. याविरुद्ध दाद मागावी तरी कुठल्या कोर्टात? बुडालेल्या कंपनीकडून ज्यांचं येणं आहे, त्या आम्हा लोकांची बैठक होती. म्हणजे ठरली होती. कंपनीचा कारभार पाहणारे साहेब म्हणाले, बैठक घ्यायला कोर्टाने आणखी मुदत दिली आहे. तिसऱ्यांदा. राग यायला हवा होता. आलाच नाही. का?

मागच्या मुदतवाढीचा कागद मी घडी करून खुर्चीच्या पायाखाली सारला होता. तो अजून तिथेच.

शेजारी लोणंदचे भानुदासराव. मी कंपनीची खोकी छापायचो, ते टेम्पोतून माल वाहायचे. आज एसटीने आलेले.

"टेम्पो कुठाय?"

"इकला की. हप्ता काय कोर्टाची मुदत बघून थांबतोय व्हय?"

हसले. मीही हसलो बहुतेक. नवा कागदही पायाखाली सारला. खुर्ची डुगडुगायची थांबली.

मागच्या खेपेला माझ्या चहाचे वीस रुपये त्यांनीच दिले होते. आज त्यांना सोडायला स्टँडवर गेलो तेव्हा ते द्यायला लागलो, तर म्हणाले, "आवं, ऱ्हाऊ द्या. पुढच्या मिटिंगला द्या."

वीसची नोट त्यांच्या खिशात घातली.