अकरा घरांची जागीर

मी शरबती, कै. हरफूल यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार वाल्मीकि वस्ती, खुर्जा, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही आणि हे अक्षर माझंच आहे. सभेत मी तासभर बोलते; इथं आवरतं घेते.

१. घराच्या दोन्ही खोल्या आणि शिवणयंत्र सून मुनेश हिला. मुलगा राजबीर तिच्या मर्जीनं तिथं राहील. आजारपणात तिनं माझं सगळं केलं, कधी नाक मुरडलं नाही. ते उपकार फिटायचे नाहीत.

२. पुस्तकांची पेटी वस्तीतल्या मुलींना. पुस्तकं बांधणारे नूर मोहम्मद यांच्या दुकानापुढची गटार मी झाडत असे, तेव्हा त्यांनी मला पहिलं अक्षर दाखवलं आणि आपल्याच पेल्यातून पाणी दिलं. आयुष्यभर बोलले ते त्या अक्षरांच्या जोरावर. त्यांना सलाम.

३. आता अकरा घरं. कोर्टाला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. ज्या घरांचा मैला आम्ही डोक्यावरून वाहतो, ती घरं आमच्यात जागीर धरतात. ती विकली जाते, गहाण पडते. जागिरीच्या मालकिणीनं दिल्याशिवाय दुसरी बाई त्या दारात जात नाही. मला ती सासूनं नव्या सुनेचं तोंड पाहताना भेट म्हणून दिली. टोपली हातात देताना ती रडली. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिच्यावर माझा राग नाही. घाणीला जागीर म्हणायला ज्यांनी शिकवलं, त्यांना मी माफ करत नाही.

दोन वर्षं माझ्या जागी मुनेश जाते. टोपल्या जाळा म्हणून गावोगाव ओरडले आणि माझ्याच घरात टोपली राहिली, हा माझा गुन्हा. राजबीरनं तर जागिरीला गिऱ्हाईक आणलं.

मुनेश म्हणाली, "अम्मा, तुम्ही सोडलीत तर शेजारची घेईल. त्यापेक्षा मलाच द्या ना."

"तुझ्यावर माझा एवढा राग आहे का गं?"

ती हसली, पण तिचं खरं होतं. म्हणून मी जागीर सोडत नाही, विकत नाही, कुणाला देत नाही. मेल्यावरही ती माझीच.

आमच्या बिरादरीच्या पंचायतीचे प्रमुख, चौधरी सुक्खन म्हणाले, "भाभी, मेलेल्याची जागीर कधी ऐकली नाही."

"मालकिणीच्या शब्दाशिवाय कुणी दारात जातं का?"

"नाही."

"मग तो शब्द मी देणार नाही."

त्यांनी अख्खी बिडी संपवली, मग म्हणाले, "आणा कागद." त्यांचीही मी ऋणी आहे.

सही: शरबती
खुर्जा, ९ नोव्हेंबर १९९१

साक्षीदार:
१. नूर मोहम्मद (सही)
२. चौधरी सुक्खन (अंगठा). त्यांच्या सांगण्यावरून नूर मोहम्मद यांनी लिहिलं: अकरा घरं शरबतीची आहेत. बिरादरीतली कोणी तिथं टोपली घेऊन जाणार नाही. घरवाल्यांनी आपलं आपण पाहावं.