दक्षता समितीचा अध्यक्ष बिबट्याच्या पिंजऱ्यात

वरचा मळा, पिंपळवंडी,
ता. जुन्नर

चि. सौ. प्रतिभा हिस दादाचा शिरसाष्टांग नमस्कार.

(थोरल्या भावानं धाकट्या बहिणीला आशीर्वाद लिहायचे असतात, नमस्कार नाही, एवढं मला कळतं. आशीर्वाद लिहून पाहिला, पेन पुढं सरकेना. तेव्हा आहे तो नमस्कार गोड मानून घे.)

पत्र लिहायचं कारण, तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. पावण्यांनीही केला आहे. मावशीचा फोन लागतो, पण माझा आवाज ऐकला की ती 'रेंज न्हाई' म्हणून ठेवून देते. महाळुंगे पडवळला रेंज कशी आहे हे मला माहीत नाही असं तिला वाटतं. असो. तुझी तब्येत कशी आहे? पायांवर सूज येते का? आता नववा लागला असेल. जेवण जातं का? (असल्या चौकशा भावानं करायच्या नसतात, पण इंद्रायणी माझ्याशी कामापुरतंच बोलते, त्यामुळं वहिनीनं विचारायचं तेही मलाच विचारावं लागतंय.) इकडचं म्हणशील तर कांदा बराखीत भरून झाला, ऊस डोक्याच्या वर गेला, जत्रा बंद झाली, आणि मी तोंड लपवायला जागा शोधतोय. जागा एकदा सापडली होती, तीच हकिकत सांगायची आहे.

तू मुंबईत होतीस म्हणून तुला माहीत नाही, मार्चात टीव्हीवर आकडे सुरू झाले आणि मळ्यातल्या घराघरात डॉक्टर तयार झाले. कोंबडीमुळं रोग होतो असं कुणीतरी मोबाईलवर धाडलं, तर कुशाबाईनं सगळ्या कोंबड्या फुकट वाटून टाकल्या आणि आठवड्यानं अंड्यासाठी दारोदार फिरायला लागली. मग ताटं वाजवायचा दिवस आला. आपल्याकडं ताट वाजवलं की बिबट्या उसात पळतो, मग हा रोग का पळणार नाही, असा मुद्दा मी डेअरीवर मांडला आणि तो लोकांना लई पटला. फक्त आपला चुलतभाऊ दादाभाऊ म्हणाला, 'समदं थोतांड हाय. सर्दी-पडशाला एवढं कशाला भ्यायचं राव?' तिथून आमची जी जुंपली ती जुंपलीच. रोज दूध घालायला गेलं की लॉकडाऊन हवा का नको यावर तासतासभर वाद. तोंडाला काही बांधायचं का नाही यावर आम्ही दोघं उघड्या तोंडानं इतक्या जवळून भांडायचो की एकमेकांची थुंकी चेहऱ्यावर उडायची. मग दक्षता समिती काढायचं ठरलं. अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर सगळे गप्प बसले आणि मी खाकरलो. (खाकरण्याचा तेव्हा कुणी वाईट अर्थ घेत नव्हतं.) लोकांनी ती संमती धरली.

अध्यक्ष झाल्यावर माझ्यात काय शिरलं कुणास ठाऊक. रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या, त्याला बैलगाडी आडवी लावली. बिबट्यापासून सावध करायला वनखात्याच्या माणसांनी मळ्याला एक भोंगा दिला होता, तो मी ताब्यात घेतला. साठीच्या पुढच्यांनी उंबरा ओलांडायचा नाही, खोकला दिसला की तालुक्याला कळवायचं, बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, मग ते कुणीही असो, असे नियम केले. 'कुणीही असो' हे शब्द मीच घातले होते. ऐकायला बरे वाटले म्हणून घातले.

आता त्या दिवसाचं. वाशीला भाजी टाकून रिकामा परतणारा टेंपो काट्यांपाशी थांबला आणि त्यातून एक बाई उतरली. तोंडाला ओढणी, डोळ्यांवर उन्हाचा चष्मा, अंगभर धुरळा. पोट दिसलं, पण पोटावरून माणूस कसं ओळखायचं? मी भोंग्यातून जे बोललो ते तू ऐकलंस, ते पुन्हा लिहीत नाही. 'मुंबईहून आलेल्या नागरिकांनी' अशी सुरुवात होती. तू चष्मा काढलास तोवर टेंपो वळायला लागला होता. आई ओट्यावरून हाका मारत होती, त्या भोंग्यापुढं कुणाला ऐकू आल्या नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे मळ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आईनं दुपटी शिवून ठेवली होती, कुंची शिवली होती, डिंक आणून ठेवला होता. तुला ओळखलं असतं तर त्या काट्या मी स्वतः हातानं ओढल्या असत्या, एवढं तू मनात धर. त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलत नाही. दुपटी तेवढी काढून परत घडी घालत बसते.

तू काट्यांवरूनच मावशीकडं गेल्यावर मी काम आणखी जोरात सुरू केलं. (स्वस्थ बसलं की आईचं तोंड दिसायचं.) टोमॅटोच्या फवारणीचा पंप पाठीला लावून ब्लिचिंगचं पाणी मारत सुटलो. घरं, गोठे, दुधाच्या किटल्या, गाड्यांची चाकं, एकदा कुशाबाईही. वारा फिरला की तेच पाणी माझ्या तोंडावर यायचं. घसा जळायला लागला आणि मग खोकला लागला. इंद्रायणी म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, गप्प बस, लोक ऐकतील. पण दादाभाऊच्या कानावर खोकला गेलाच आणि त्यानं नियमाप्रमाणं तालुक्याला कळवलं. आयुष्यात त्यानं पाळलेला हा पहिला नियम.

सकाळी मी धारा काढत होतो तेव्हा दारात रुग्णवाहिका उभी राहिली आणि नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं उतरली. अशा वेळी माणसानं न घाबरता स्वतःहून पुढं यावं, असं मी रोज भोंग्यावरून सांगत होतो. मी म्हशीच्या पोटाखालून निघालो आणि उसात पळालो.

आपल्या उसाच्या कडेला बिबट्याचा पिंजरा ठेवला आहे. तोही मीच खेटे घालून आणलेला. वरून पाचट टाकून झाकलेला असतो, आत जाळीच्या पलीकडं शेळी बांधलेली असते. मला वाटलं, इथं आपल्याला कोण शोधणार? आतल्या फळीवर पाय पडला की दार पडतं हे मला चांगलं ठाऊक होतं, पण ते बिबट्याच्या पायानं पडतं, माणसाच्या नाही, अशी माझी का कोण जाणे समजूत होती. दार पडलं. शेळीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि जीव खाऊन ओरडायला लागली. बिबट्या घावला असं समजून सगळा मळा काठ्या आणि ताटं वाजवत धावत आला.

पाचट बाजूला केल्यावर आधी कुणी हसलं नाही. सगळे मागं सरले. बिबट्या परवडला पण खोकणारा माणूस नको, हे मीच त्यांना पढवलं होतं. मग दादाभाऊनं चुन्याची फक्की आणली, पिंजऱ्याभोवती गोल आखले आणि एकेकाला गोलात उभं केलं. मळ्यात एवढी शिस्त मी माझ्या कारकिर्दीत पाहिली नव्हती. आणि तिथं, प्रतिभा, माझ्यासमोर, माझ्याविषयी, सभा भरली. निम्म्यांचं म्हणणं, पिंजरा हवेशीर आहे, वर सावली आहे, दार बाहेरून उघडतं, तेव्हा अध्यक्षांना चौदा दिवस इथंच राहू द्या, भाकरी शेळीच्या बाजूनं सारता येईल. बाकीच्यांचं म्हणणं, हा इथं राहिला तर बिबट्या कुठं धरायचा? शेळीचा मालक शेळीची तपासणी मागत होता. पांढऱ्या कपड्यातले म्हणाले, माणूस आमच्याकडं येतो, पण पिंजरा वनखात्याचा, त्याला आम्ही हात लावणार नाही. वनरक्षक दुसऱ्या गावाला गेलेला. कुशाबाई (तिला मी फवारलं होतं ते ती विसरली नव्हती) म्हणाली, 'बिबट्या धरला की माणिकडोहला नेत्यात. ह्याला बी न्या. तितं डाक्टर हायेत, खायला कोंबडी बी मिळती.' मग मात्र सगळे हसले. मी आत बसून खोकला दाबत होतो. इतका दाबला की डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं मी रडतोय, आणि थोड्या वेळानं ते खरं झालं.

तेवढ्यात आई आली. उंबरा ओलांडायची तिला बंदी होती. उसाच्या सरीतून काठी टेकत आली, गोलांवरून चालत सरळ पिंजऱ्यापाशी आली आणि गजातून हात घालून माझ्या कपाळाला लावला. इतक्या दिवसांत तिनं मला लावलेला पहिला हात. 'ताप न्हाई,' म्हणाली. 'भ्यालाय नुसता.' मग लोकांकडं वळली. 'माजी लेक काट्याच्या पल्याड व्हती तवा बी तुमी असंच बघत उभं व्हता. आता ल्योक गजाच्या आत हाय. माज्या पोरांना मी लांबनंच बघायचं का?'

दादाभाऊनं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला गुंडाळला (जन्मात पहिल्यांदा), गोलातून बाहेर आला आणि त्यानं आणि इंद्रायणीनं मिळून दार उचललं. 'ये राव बाहेर,' एवढंच म्हणाला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मला विलगीकरणात नेलं, एका शाळेच्या वर्गात. शेजारच्या खाटेवर आपल्या मळ्यातल्या भागूचा थोरला. त्यालाही मुंबईहून आला म्हणून मी काट्यांवरून परत लावला होता, तू आलीस त्याच्या आदल्या दिवशी. सकाळी चहा आला तेव्हा त्यानं आपल्या पिशवीतला बिस्किटाचा पुडा माझ्यापुढं केला. मी घेतलं, आणि ते गिळताना ब्लिचिंगनं झाला नव्हता एवढा त्रास घशाला झाला. पुढं माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे मला तो रोगही झालेला नव्हता. झाला असता तर त्या पळण्याला निदान काही अर्थ तरी असता.

लॉकडाऊन बरोबर का चूक, असं दादाभाऊ अजून मला डिवचून विचारतो. मला माहीत नाही. रोग खरा आहे. आमच्या वर्गातल्या एका म्हाताऱ्याला पुण्याला हलवलं, तो परत आला नाही, आणि त्याच्या घरच्यांना त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही. तेव्हा काट्या टाकायलाच नको होत्या, असं काही मी म्हणणार नाही. काट्यांमागं उभं राहणारं माणूस मात्र माझ्यासारखं नको होतं. मला लाज वाटते. डेअरीवर जायची वाटते, आरशात बघायची वाटते, आणि तुझं नाव काढायची सगळ्यात जास्त वाटते.

तेव्हा सगळं पोटात घाल आणि बाळंतपणाला आपल्या घरी ये. काट्या काढल्या आहेत. मावशीला नमस्कार, पावण्यांना नमस्कार (त्यांना वाटलं तर त्यांनी घ्यावा).

तुझा, आशीर्वाद द्यायची लायकी नसलेला भाऊ,
गोकुळ

ता. क. काट्या काढल्या आहेत हे तितकंसं खरं नाही. मी विलगीकरणात असताना लोकांनी दादाभाऊला अध्यक्ष केलं. त्यानं काट्यांचा दुसरा पदर टाकला आहे आणि भोंगा उशाला घेऊन झोपतो. थोतांड हा शब्द आता त्याच्यासमोर काढायची सोय नाही. त्यामुळं तू इकडं येणं काही जमायचं नाही.

ता. क. म्हणून आईच तिकडं येत आहे. मंचरकडं जाणाऱ्या दुधाच्या गाडीत ड्रायव्हर सावळेरामच्या शेजारी बसली आहे, हे पत्र तिच्याच हातात आहे. मी पाठवतोय असं समजू नकोस, तिनं मला विचारलेलंही नाही. दुपटी, कुंची आणि डिंकाचे लाडू गाठोड्यात आहेत. बाळंतपण होईपर्यंत तिला ठेवून घे. मी मागितलेलं तुला द्यावंसं वाटणार नाही, पण हे तिच्यासाठी आहे. मावशीच्या गावाच्या वेशीवर तिला कुणी अडवलं असेल असं मला वाटत नाही. तिला अडवील असा भोंगा अजून निघायचा आहे.

ता. क. वर ओळखलं नाही असं लिहिलं आहे, ते खोटं आहे. टेंपोतून तू पाय खाली टाकलास तेव्हाच ओळखलं. मला बघून तू हात वर केलास. माझ्या मागं सगळा मळा उभा होता आणि आदल्या दिवशी मी भागूच्या पोराला परत लावलं होतं. बहिणीला आत घेतलं तर लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. भोंगा बंद केला असता तर तू 'दादा' म्हणालेलं ऐकू आलं असतं, म्हणून मी तो बंद केला नाही. आईला हे माहीत नाही. सांगायचं का नाही ते तू ठरव. पण ते नंतर. ती उन्हातून आली आहे आणि तू हे वाचत बसली आहेस. आधी तिला पाणी दे.