साडूच्या दुकानातला माझा फोटो

४ मार्च
दातांच्या डॉक्टरकडे गेलो आणि दाढदुखीच विसरलो! पेशंट बसतात त्या खोलीत, बाकाच्या वर, दाराएवढा मोठा — मी काढलेला फोटो! आमची ही, खिडकीत, ओले केस मागे टाकून खळखळून हसतेय. उलटा छापलाय. डावीकडची खिडकी उजवीकडे. चोराला वाटलं ओळखणार नाही. अरे, तो काढताना मी डुगडुगत्या स्टुलावर उभा होतो, तंगडी मोडायची राहिली!
“छान आहे ना?” नर्स म्हणाली.
“फारच! कुठून हो आणलात?” — आवाजात मध घालून विचारलं.
दुकानाचं नाव सांगितलं तिनं. साडूचं! थोरल्या मेहुणीचा नवरा. चौकटी ठोकणारा.
दाढ न काढताच परत आलो.

५ मार्च
एजन्सीकडे चौकशी केली. मी फोटो त्यांच्याकडे ठेवतो, ते वापरायचा परवाना विकतात, माझा वाटा मला येतो — वर्षानुवर्षं हेच. साडूनं घेतलाय साधा परवाना. वेबसाइटवर लाव, जाहिरातीत टाक, पुस्तकात छाप, काही म्हणणं नाही. पण कागदावर मोठा काढून, चौकटीत घालून विकायचा तर परवाना वेगळा, आणि विकलेल्या दर प्रतीमागे मला रॉयल्टी. हा बाबा एका साध्या परवान्यावर गावभर भिंती सजवतोय!
फोन करून भांडता आलं असतं. पण मग तो घरातल्या घरात माफी मागेल, मेहुणी डोळे पुसेल, संपलं. नाही. चारचौघांत. त्याचा चेहरा मला बघायचाय.

९ मार्च
साडूच्या नव्या दुकानाची तयारी चाललीय. मदतीला गेलो. हो, मीच! शिडीवर चढून चौकटी टांगल्या. हिच्या हसण्याच्या तीन. “तुमचाच आहे ना हा?” एवढं विचारायचीही साडूला गरज वाटली नाही. मीही खिळे ठोकत राहिलो.
फळीच्या आड होतो. पलीकडे गिऱ्हाईक विचारत होतं, फोटो कुणी काढलाय? साडू म्हणाला, “फोटोवाल्याचं काय हो, बटण दाबतो. जीव येतो तो चौकटीनं! आमचे साडू आहेत की त्यातले. अजून लग्नात ओरडत फिरतात — मान वर, मान वर!”
गिऱ्हाईक हसलं. माझे कान लहानपणापासून तिखट. एक शब्द सांडला नाही.
बाहेर आलो आणि हसून म्हणालो, “साडूभाऊ, हातोडी कुठे ठेवू?”

१० मार्च
वकील गाठला. नोटीस तयार. टपालानं? छे!

१६ मार्च
हिला अजून पत्ता नाही. तोंडात तीळ भिजत नाही हिच्या. बहिणीला लगेच फोन जाईल. “आजकाल फार खुशीत दिसता,” म्हणाली. म्हटलं, दाढ थांबलीय.

२२ मार्च
झालं! पण —
फीत कापली, टाळ्या झाल्या, चहा फिरला. साडू नव्या कोटात. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि वकिलाला खूण केली. नोटीस वाचताना साडूचा चेहरा अस्सा उतरत गेला! वकील मोठ्यानं बोलला — चौकटीत घालून विकायचा परवाना नाही, फोटो खाली उतरवा, विकलेल्या सगळ्यांचा हिशेब द्या. गिऱ्हाइकांनी कप खाली ठेवले. मेहुणी गोरीमोरी. काय सांगू, थंडगार वाटलं!
तेवढ्यात साडू कडाडला, “मी निदान भिंतीवर लावली तिला! तुम्ही कशावर विकलीत? सांगा की! पोट साफ व्हायच्या औषधाच्या डब्यावर आहे ती! दुकानादुकानांत!”
सगळे वळले. माझ्याकडे नाही, हिच्याकडे.
हिनं शांतपणे चहा संपवला.

२३ मार्च
बोलत नाही.

२४ मार्च
सकाळी बोलली. “डब्याचं तुम्हाला माहीत होतं?”
म्हटलं, अगं, एजन्सी कुणाला विकते त्यात आपला काय हात? त्यांनी घेतला, पैसे आले, झालं.
“कुठकुठे आहे अजून मी?”
आठवलं तेवढं सांगितलं. गादीवाले. एक विमा कंपनी. गुडघ्यांचा दवाखाना. शेवटचं सांगताना हसू आलं मला. तिला नाही आलं.
“ताईच्या नवऱ्यानं तुम्हाला विचारलं नाही, म्हणून एवढं रान उठवलंत.” एवढंच म्हणाली, आणि आत गेली.

२६ मार्च
वकील म्हणतो, एजन्सीला साडूवर दावा लावायचा तर फोटोतल्या बाईची लेखी संमती हवी. जुना फोटो, तेव्हा कुणी मागितली नव्हती. एक सही. घरचीच तर आहे! कागद पुढे केला — इथे ठोक गं. ही म्हणाली, “चष्मा द्या.” सगळा वाचला. सावकाश. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला. “बघते.”
बघते काय! साडू संपलाच समजा.

२९ मार्च
वकिलाचा फोन. आवाज खाली. “साहेब, तुमच्या नावानं नोटीस आलीय माझ्याकडे. वहिनींची. विनासंमती चेहरा विकल्याची.”
कागद कुणी करून दिले, विचारलं.
“साडूंच्या वकिलानं.”