एकही परका नट नाही

३ फेब्रुवारी
अकरा वर्षांनी बाबांच्या गाडीवरची ताडपत्री काढली. उंदरांनी मागची सीट संपवली आहे. पुढची बहुधा रविवारसाठी राखून ठेवली होती.

बाबा खुर्ची टाकून बसले — देखरेखीला! पहिलं वाक्य ठरलेलं. "पंचेचाळीस वर्षं झाली, इंजिनात एकही परका नट नाही." हे वाक्य आलं की आई उठून पाणी आणायला जाते. आजही गेली. कुणालाच तहान नव्हती.

७ फेब्रुवारी
मेकॅनिक येऊन गेला. कधी होईल विचारलं की "बघू" म्हणतो, म्हणून मी त्याचं नावच बघू ठेवलंय. त्याचे वडीलही याच गाडीचं काम करायचे. बराच वेळ बॉनेटखाली डोकं खुपसून शेवटी म्हणाला, "ताई, ह्यात आता राम नाही. दुसरं इंजिन बसवू."

बाबा — "मी गेल्यावर बसवा!"

आई — "बदलून टाका की! कशाला ते जुनं धूड?" आईला एवढा उत्साह कशाचा? तिने जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

मी दोन्हीकडे मान हलवली. दातांची डॉक्टर मी. काढायचा की वाचवायचा, यावरच माझं पोट चालतं. पण दाताचा मालक असा रोज शेजारी खुर्ची टाकून बसत नाही.

१२ फेब्रुवारी
अजून ठरत नाही. बाबा रुसले आहेत. जेवले, पण रुसून.

१५ फेब्रुवारी
बघू म्हणाला, इंजिन बदलायचं तर गाड्यांच्या नोंदणी कचेरीच्या अर्जात जुन्याचा नंबर लागतो, खाली मालकाची सही. नंबर इंजिनाच्या कुशीवर कोरलेला, वर बोटभर काळं कीट. दवाखान्यातून दातांचं कीटण काढायची जुनी आकडी आणली आणि तासभर खरवडत बसले. इंजिनाने एकदाही मध्येच तोंड मिटलं नाही. आदर्श पेशंट!

नंबर निघाला. शेवटचे आकडे ८६२. गाडीच्या कागदांवर — ४१७.

चष्मा पुसून परत वाचलं. नटाचं काय घेऊन बसलात, अख्खं इंजिनच परकं!

बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते. मागे आई उभी, हातात पाण्याचा जग. आज तर ते वाक्यही कुणी म्हटलं नव्हतं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

१६ फेब्रुवारी
आईला स्वयंपाकघरात गाठलं. आधी "मला काय माहीत", मग "कांदा चीर", मग सगळं बाहेर आलं.

मी दोन वर्षांची होते. बाबा कामासाठी चार महिने परगावी. आई बघूच्या वडिलांकडून गाडी शिकायला लागली, रोज दुपारी, मला मागच्या सीटवर टाकून. बाबा परत आले की स्टेशनवर स्वतः गाडी घेऊन जायचं, असा बेत! आणि एक दिवस बाईसाहेब रेडिएटरमध्ये पाणी घालायला विसरल्या. वाफ, धूर, इंजिन जाम. बघूच्या वडिलांनी अपघातात गेलेल्या तसल्याच गाडीचं इंजिन आणून गुपचूप बसवलं. बाबा स्टेशनवरून बसने आले. आईने पुन्हा किल्लीला हात लावला नाही.

"म्हणून बेचाळीस वर्षं पाणी आणतेयस होय!" हसून हसून माझं पोट दुखलं. मग पाहिलं, ती हसत नव्हती.

"फार छान यायला लागली होती गं मला," ती म्हणाली.

मला एकदम रडूच आलं. कांद्याच्या नावावर खपवलं.

तोंड बंद ठेवायची माझी अट — माझ्या आखूड केसांबद्दल वर्षभर एक अक्षर नाही! सहा महिन्यांवर तडजोड झाली.

२० फेब्रुवारी
इकडे आड, तिकडे विहीर. इंजिन बदललं तर सही करताना बाबा नंबर ताडून बघणार. ते औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा मोठ्याने वाचतात. आणि नाही बदललं, तर आईचं पाणी आणणं काही सुटत नाही.

शेवटी बघूला सांगितलं, आहे तेच उघडा आणि दुरुस्त करा. बाबा खूश. आज आई रुसून जेवली.

११ मार्च
बघू चक्क "झालं" म्हणाला! उद्या सकाळी पहिली फेरी. बाबांनी बुटांना पॉलिश केलं. आईने विचारलं, "मी येऊ की घरीच बरी?" बाबांनी दुसरा बूट उचलला. मी तरी "ये" म्हणायला हवं होतं.

१२ मार्च
पहिल्या झटक्यात सुरू! बाबांनी डोळे मिटून आवाज ऐकला, गाडी बंद केली, खाली उतरले. पलीकडून वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि खिडकीतून किल्ली आईपुढे धरली.

"चल गं. पाणी मी घातलंय."