आईच्या फोटोंची नवी जागा

अहो,

सातच्या एसटीनं मी मेडशीले मायकडे चालली. सोमवारी येतो. भाकरी टोपल्यात हायेत, पिठलं तेवढं गरम करून घ्या.

तुमच्या आईच्या मोबाईलमधले पोहरादेवीचे फोटो सापडले! परवा तुमी तिच्यावर ओरडले ना, "तुले समजत नाही तं कायले बटना दाबतं?" तिनं काहीच दाबलं नोतं. कामरगावच्या दुकानवाल्यानं आपल्या तिघांच्या फोनमंदी एकच खातं टाकून देल्लं. तुमी जागा करायले तुमच्या फोनमधले फोटो पुसले, अन् तिचेबी गेले. डिलीट केलेल्यात पडून होते, म्या वापस काढले.

मंग काल ऑनलाईन फुकटात फाईली ठेवायच्या जागा पाह्यल्या. एक पह्यलेच कार्डाचा नंबर मांगे, ते सोडली. एकीत पाचच जीबी. एकीत पंधरा, अन् तेबी दर खात्याले पंधरा! मंग तिघांनी एकाच खात्यात काहून कोंबायचं? तिघांची तीन खाती काढली. सातबारा अन् पीकविम्याचे कागद तुमच्या खात्यात हायेत. आता खुशाल पुसा, तुमचंच जाईन.

फोटो कोणाच्या हातानं गेले, हे म्या आईले सांगतलं नाही. ते तुमीच सांगा, सकाळच्या चहाच्या आंधी.

अन् तिचा पासवर्ड तिनं सोताच ठरवला. म्या इथं लिहीत नाही, आपल्याच नवऱ्याचं नाव कसं लिहू? त्याच्यापुढं तुमच्या जन्माचं साल हाये. तुमी ओरडले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवला तिनं.

निता