थांबलेली लाट

बाई,

मागच्या महिन्यात मी समुद्र पाहिला. नुसता काठावरून नाही. आत गेले, लाटेवर पोट टेकवलं आणि तिच्यासोबत वाळूपर्यंत आले. शाळेत सांगितलं तर म्हणाले, चांगलं झालं, मजा आली ना. आईला सांगायची गरज नव्हती, ती तिथेच बसली होती. राहिलात तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयाच्या कितीतरी पुढे मी आज आले आहे. माझ्या शाळेत तुमच्या वयाच्या बाई रुजू झाल्या तर मी त्यांना 'तू' म्हणेन. तुम्हाला म्हणवत नाही.

तुम्ही अहेरीला आलात तेव्हा मी आठवीत होते. समुद्राकडच्या गावातून थेट इकडे बदली म्हणजे शिक्षाच, असं सगळे म्हणायचे. कोणी म्हणे साहेबाशी भांडण केलं असेल, कोणी म्हणे वशिला नसेल. आमच्याच घरामागची खोली तुम्ही भाड्याने घेतली होती, म्हणून शाळेबाहेरच्या बाईही मला दिसायच्या. बाजाराच्या दिवशी नदीचे मासे आणून तुम्ही कोकम घालून शिजवायचात. तो वास आमच्या स्वयंपाकघरात आला की आई म्हणायची, "बाईनं आज बी चिंच जास्त घातली." कोकम तिला माहीतच नव्हतं.

भूगोलाच्या तासाला एकदा तुम्ही विचारलंत, समुद्र कोणी पाहिलाय. कोणीच नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाली, "बाई, पिक्चरमंदी पाह्यला." वर्ग हसला. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि सांगायला लागलात, लहानपणी भावांबरोबर समुद्रात कशा जायचात, फळी नाही, ट्यूब नाही, नुसत्या अंगाने लाटेवर बसून काठापर्यंत कशा यायचात. सांगून समजेना म्हणून टेबलावर पोट टेकवलंत, हात पुढे ताणलेत, पाय सरळ केलेत. नेमके त्याच वेळी हेडमास्तर दारावरून गेले. ते थांबले, पाहिलं आणि पुढे निघून गेले. तुम्ही उठून साडी सारखी केलीत आणि म्हणालात, "मग मोठ्या झालो आम्ही. आमच्याकडे मुलगी मोठी झाली की समुद्र लांब जातो." नंतर फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती काढलीत. मी ती वहीत उतरवली, पण डोळ्यांपुढून टेबलावरच्या बाई जाईनात.

त्या हिवाळ्यात तुम्हाला प्राणहितेतली ती जागा सापडली. पावसाचा गढूळपणा गेला होता, पाणी काचेसारखं झालं होतं. दोन काळ्या खडकांच्या मधून धार जोरात येते, खाली आपटून फुगते आणि मग उथळ वाळूवर पसरते. रविवारी धुणं घेऊन गेलेल्या बायकांनी तुम्हाला तिथे पाहिलं. सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली, आणि मास्तरीण बाई त्या धारेतून पोटावर घसरत वाळूला लागून राहिल्यात. बातमी गावात तुमच्या आधी पोचली. पण खरी बातमी मला माझ्या मैत्रिणीने सांगितली, ती म्हणाली, "बाई हासून राह्यल्या होत्या वं. लहान पोरीवानी." वर्गात तुम्हाला हसताना आम्ही तोवर पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी चार-पाच मुली तुमच्याबरोबर निघाल्या. मी नाही. माझे बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि एका पावसाळ्यात नदीपलीकडच्या गावात औषधं घेऊन जाताना त्यांचा डोंगा उलटला होता. मी तेव्हा दुसरीत होते. त्यानंतर आईला दवाखान्यातच आयाचं काम मिळालं. कामाला जाताना नदीचा रस्ता जवळचा होता, पण ती बाजारातून फिरून जायची. धुणं विहिरीवर. नदीचं नावसुद्धा ती घेत नसे, 'तिकडे' म्हणायची.

तुम्ही आईला विचारायला आलात तो दिवस मला नीट आठवतो. आई चुलीपुढे बसली आहे, लाखोळीच्या डाळीचं वरण उकळतंय, मी दारामागे उभी आहे. तुम्ही पाटावर बसता आणि सरळ विचारता, हिला रविवारी पाठवाल का. आई वरणातली पळी फिरवत राहते. मग म्हणते, "बाई, तुमी मास्तरीण हा, तुमचा शब्द खाली पडू देऊ नये. पण माही पोरगी तिकडं जाणार नाई. तिच्या बापाले तिनंच नेलं." तुम्ही मान हलवता. आई जेवायला वाढते तर मुकाट्याने जेवता, आणि जाताना म्हणता, "मग तुम्हीच चला. काठावर बसा. तुम्ही हाक मारली की त्या क्षणी मी तिला बाहेर काढीन. का म्हणून विचारणार नाही."

आई तो आठवडाभर बाजारातूनच फिरून कामाला गेली. रविवारी सकाळी मात्र तिने भाकरी बांधली आणि म्हणाली, "चाल." वाळूवर पोचल्यावर ती नदीकडे पाठ करून बसली. बाई, तुम्ही ते पाहिलंत आणि काहीच बोलला नाहीत, त्याबद्दल मी आजही तुमचं देणं लागते. मला तुम्ही त्या दिवशी फक्त कमरेइतक्या पाण्यात उभं केलंत. पाय वाळूत रोवून उभं राहायचं आणि पाणी कुठे ओढतं, कुठे सोडतं ते नुसतं ओळखायचं. तुम्ही माझ्या पाठीला हात लावून होता. "भिऊ नको गो. पण भीती अगदी सोडूनही देऊ नको," म्हणालात.

खडकाखालच्या त्या फुगवट्यापर्यंत जायला मला बरेच रविवार लागले. "समुद्रात लाट येते आणि आपण तिची वाट बघतो," तुम्ही सांगितलंत. "इथे लाट जागेवर थांबलेली आहे. वाट ती बघतेय. तुला जमेल तेव्हा जा." आणि एका सकाळी मी गेले. हनुवटी वर, हात पुढे, अंग फळीसारखं. पोटाखालून पाणी फुगलं, मला उचललं, आणि मग मी काहीच करत नव्हते, तरी पुढे जात होते. बोटं वाळूला लागली तेव्हा कुठे श्वास घेतला. उठून पाहिलं तर आई वळलेली होती. कधी वळली माहीत नाही. तोंडावर पदर धरून ती माझ्याकडे बघत होती. तिने हाक मारली नव्हती.

त्यानंतर मला वेड लागलं. एकदा तुम्ही दुसऱ्या मुलीला शिकवत असताना मी न विचारता वरच्या अंगाने, खडकाच्या मागून उतरले. तिथे पाणी वेगळं होतं, मला त्याने गर्रकन फिरवलं. तुम्ही दंडाला धरून मला बाहेर ओढलंत आणि सगळ्यांसमोर इतक्या जोरात बोललात की पलीकडच्या काठावर गुरं राखणारा उभा राहून पाहू लागला. "नदी माझी झाली असं वाटलं ना तुला? नदी तुला ओळखत नाही. तुझ्या बाबांनाही ओळखत नव्हती. तिने कोणाला नेलं नाही, ती नुसती वाहत होती. ओळखायचं काम आपलं." मी रडले. तुमचं बोलणं कडक होतं म्हणून नाही. बाबांबद्दल असं कोणी बोललंच नव्हतं. आमच्याकडे नदीने सूड घेतल्यासारखंच सगळे बोलायचे. आईनेही ते ऐकलं. घरी जाताना ती नुसतं म्हणाली, "बाई खरं बोलली असंल."

उन्हाळा लागायच्या आधीचा शेवटचा रविवार. धार बारीक झाली आहे, आमचा फुगवटा जेमतेम उरला आहे. मुली वाळूवर केस वाळवत बसल्या आहेत. आई उठते, चपला काढते, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेते आणि पाण्यात जाते. ती वाकते, ओंजळ पाण्यात बुडवते आणि तशीच उभी राहते. मी उठायला लागते तर तुम्ही माझा हात धरून मला खाली बसवता. खूप वेळाने ती परत येते, माझ्याशेजारी बसते आणि म्हणते, "थंड आहे वं." त्या दिवसापासून ती दवाखान्यात नदीच्या रस्त्याने जायला लागली.

दोन हिवाळे तुम्ही होता. मग तुमची बदली झाली, तुमच्याच गावाकडे, आणि सगळ्यांनी तुमचं अभिनंदन केलं. मी केलं नाही. बस स्टँडवर तुम्ही आईच्या हातात कोकमाची पुडी दिलीत. ती तिने लाखोळीच्या वरणात घालून पाहिली आणि संपेपर्यंत घातली. मला म्हणालात, "समुद्रावर ये एकदा. तिथे मी तुझ्या पाठीला हात लावणार नाही, तू माझ्या पाठीला लावायचा." मी चंद्रपूरला डी.एड. करत होते तेव्हा शाळेतले जुने सर भेटले. त्यांच्या बोलण्यात सहज आलं की तुम्ही आजारपणात गेलात. मला कळेपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं. मी सरांना चहा पाजला, वसतिगृहावर आले, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा होती ती दिली.

आता मी भद्रावतीला असते. नवरा कारखान्यात आहे, मी शाळेत, आई आमच्याकडे. कारखान्यातल्या काही कुटुंबांनी सहल काढली, बल्लारशाहून गाडी धरून आंध्रच्या किनाऱ्याला. गुडघे धरलेले असूनही आई म्हणाली, "मी येतो." पहाटे आम्ही तिला वाळूवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पाण्याकडे तोंड करून. थोड्या वेळाने पाण्यातून सूर्य वर आला. आई म्हणाली, "बाई तर सांगे का सूर्य समुद्रात बुडते."

"तो त्यांच्याकडचा समुद्र, आई. हा दुसऱ्या बाजूचा."

"किती बाजू हायेत त्याले?" ती म्हणाली, आणि बघत बसली.

बायका हात धरून घोट्याइतक्या पाण्यात फोटो काढत होत्या. मी ओढणी कमरेला बांधली. नवरा म्हणाला, "काऊन? या वयात?" मी आधी जाळी विणत बसलेल्या एका कोळ्याला अहेरीच्या बाजारात शिकलेल्या माझ्या मोडक्या तेलुगूत विचारलं, कुठे जायचं नाही. त्याने हाताने हद्द दाखवली. मग उतरले. पहिल्या लाटेने मला आपटलं, नाकातोंडात खारं पाणी गेलं. दुसरी माझ्याशिवायच निघून गेली. मी उभी राहिले, पाय रोवले, पाणी कुठे ओढतं ते पाहत राहिले. पुढची लाट आली तेव्हा तिच्याआधी अर्धा श्वास मी निघाले होते. तिने मला छातीखाली धरलं आणि नेलं, बाई. नदीत मी पाण्यावरून जायचे. इथे पाणीच कुठेतरी जात होतं आणि जाता जाता त्याने मला सोबत घेतलं होतं. पन्नाशीला टेकलेलं अंग, दुखणारा खांदा, सगळं हलकं झालं. वाळूवर पोट घासलं तेव्हा मी मोठ्याने हसत होते. कारखान्यातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

आईजवळ गेले. तिने माझ्या केसांतली वाळू झटकली. आता ही आवरायला सांगणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "थकली नसशील तं अजून एक डाव जा. मी हाव इथी बसून." मी गेले. ऊन चढेपर्यंत पुन्हा पुन्हा गेले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तुमच्या गावी तुमचे भाऊ असतील, पण त्यांना यातलं काय सांगणार. तरी लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं, शेवटी असं लिहायचं, की लाटेवर असताना तुम्ही माझ्याबरोबर होता. ते खरं नाही, बाई. लाटेवर असताना मला तुमची आठवण आली नाही. बाबांचीही नाही, काठावर बसलेल्या आईचीही नाही. तेवढा वेळ मी कोणाचीच नव्हते, आणि मला फार बरं वाटत होतं.