पणजीने मला ओळखलं नाही

मंगळवार, संध्याकाळ. नानाखेडा

आज आईकडे गेले, तर पणजीने मला ओळखलंच नाही. मी सहा वर्षांची असताना हिनेच मला रामघाटावर पोहायला शिकवलं. सत्तरीची बाई, नऊवारी खोचून आधी स्वतः उडी मारली. घाटावर पूजा सांगणारा एक पंडा ओरडला, "माताजी, उमर तो देखो!" ही पाण्यातून म्हणाली, "तू अपनी देख. तैरना आता है क्या?" अख्खा घाट हसला. पाण्यात माझ्या पोटाखाली तिचा हात होता. तो तिने कधी काढला, कळलंच नाही.

आज तो हात धरून चारदा नाव सांगितलं. पंड्याची गोष्टही सांगितली. वाटलं, निदान हसेल. हात सोडवून घेत ती आईला म्हणाली, "या बाईंना घरी जाऊ दे गं. यांची आई वाट बघत असेल."



उद्या परत जाईन. पण कोण म्हणून?